तसबीर घरात असेपर्यंत

१९ जुलै

आमच्या दवाखान्यातली नवी डॉक्टर म्हणजे लारिसाहून वर्षभराच्या सक्तीच्या नोकरीवर आलेली कोवळी पोर. ती म्हणाली, रोज रक्तदाब मोजा, वहीत लिहा, आणि त्या दिवशी डोकं कशानं फिरलं तेही शेजारी लिहा. मी म्हटलं, माझं डोकं फिरत नाही. तिनं यंत्रावरच्या आकड्याकडे एकवार बघितलं आणि वही पुढे सरकवली. तर लिहितो आहे. आज रक्तदाब बरा नाही. कारण: डॉक्टर.

आता वही हातात आहेच तर रीतसर सुरुवात करतो. मी झानीस. आनेमूसा बेटाच्या धक्क्यावर बोटी बांधतो. पिरेयसहून मोठी बोट आली की खलाशी वरून दोर फेकतात, तो ओढून मी डावीकडच्या लोखंडी खुंटात अडकवतो, उजवीकडचा मिकेस अडकवतो. बोट निघताना आम्हीच सोडतो. घरी वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. दारावर पाटी मी स्वतः रंगवली आहे, ‘झानीसच्या खोल्या’. बायको आनेझिना चादरीबिदरी बघते.

आणि यंदा आमच्या घरी संत सोस्तीसची तसबीर आहे. हे आधी लिहायला हवं होतं. दरवर्षी सप्टेंबरात उत्सवाच्या दिवशी आमचे पाद्री पापा-लूकास देवळात विचारतात की पुढच्या वर्षी संताला घरी कोण नेणार. जो हात वर करतो त्याच्या घरी तसबीर वर्षभर राहते आणि पुढच्या उत्सवाला तो सगळ्या बेटाला जेवू घालतो. बेटाला म्हणजे त्या संध्याकाळी जो कुणी दारात उभा असेल त्याला, मग तो उघड्या मांड्यांचा जर्मन का असेना. गेल्या वर्षी मी हात वर केला. त्याला छाती लागते.

त्याच सकाळी आनेझिना मला काहीतरी सांगत होती. पिरेयसला आमची मुलगी आर्गिरो राहते, तिच्या जवळच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळतंय, जावं म्हणते, असं काहीसं. मी बूट घालत होतो. संध्याकाळी मी हात वर केला आणि तो विषयच मिटला, कारण तसबीर घरात असली की त्या घरची बाई बेट सोडून जात नाही. दिवा तिनंच लावायचा आणि तो विझू द्यायचा नाही. दाराला वर्षभर कडी नाही. आणि त्या छपराखाली भांडण म्हणून होत नाही.

हे शेवटचं मी नुसतं ऐकून होतो. पण खरं आहे. आनेझिनाची जीभ म्हणजे काय चीज होती ते सगळा धक्का जाणतो. तसबीर आल्यापासून तिनं मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही. मी काही म्हटलं की ‘बरं’ म्हणते. संताचा चमत्कार, दुसरं काय. पापा-लूकासना सांगितलं, तर त्यांनी दाढी कुरवाळली आणि नुसतं ‘हं’ म्हणाले.

२१ जुलै

आज डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

सकाळची बोट सोडून धक्क्यावर उभा होतो. मिकेस म्हणाला, “जावईबापू, मालकीण सहलीला निघाली वाटतं.” आमच्याकडे घर आईकडून मुलीकडे जातं, त्यामुळे अर्धं बेट घरजावई आहे, मिकेस स्वतःही. पण हाक मात्र मलाच मारतो. मी वळून बघितलं. पाहुण्यांना बेटाभोवती फिरवून आणणारी ती छोटी बोट सुटत होती. तीच ती, गुहा दाखवतात, पांढऱ्या वाळूवर उतरवतात, कलिंगडाची फोड हातावर ठेवतात आणि परत आणतात. तिच्यात पुढच्या बाकावर, गवती टोपी घालून, आनेझिना बसली होती. शेजारी आमच्या दोन नंबरच्या खोलीतल्या पोलिक्सेनीबाई. व्होलोसच्या बँकेतून निवृत्त झालेल्या, नवरा नाही, आवाज मोठा.

मला वाटलं कुणा पाहुण्याचा विसरलेला टॉवेल द्यायला चढली असेल. पण बोट निघाली. तिनं माझ्याकडे बघून हात हलवला, पाहुणे धक्क्यावरच्या लोकांना हलवतात तसा. मीही सवयीनं हलवला. बोट टोकाला वळल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती माझी बायको होती. आणि तिनं तिकीट काढलं होतं. या बेटावर जन्मलेल्या माणसानं हे बेट बघायला तिकीट काढलं.

तडक पापा-लूकासकडे गेलो. तसबीर घरात असताना बाईनं बेट सोडलं, आता काय? ते म्हणाले, “झानी, बोट बेटाला वळसा घालून परत येते. ह्याला बेट सोडणं म्हणत नाहीत.” मग जरा थांबून म्हणाले, “तूही जात जा की कधी तिच्याबरोबर.” मी म्हटलं, माझं डोकं ठिकाणावर आहे.

संध्याकाळी तिला विचारलं. शेंगा निवडत होती. म्हणाली, गुहा आतून निळ्या आहेत, भिंतीसुद्धा निळ्या होतात, तुला माहीत होतं का? मी म्हटलं, माहीत असायला काय झालं, मी पोरगेला असताना तिथे मासे धरायचो. “मग कधी सांगितलं नाहीस,” ती म्हणाली, आणि शेंगांचं भांडं घेऊन आत गेली. आवाज चढला नाही, काही नाही. दिव्यात तेल घातलं आणि झोपली.

रक्तदाब लिहीत नाही. डॉक्टर घाबरेल.

२५ जुलै

आनेझिनानं मला कपडे धुवायचं मशीन शिकवलं. मला. पांढरं वेगळं, रंगीत वेगळं, साबण कुठल्या कप्प्यात, सगळं दोनदा सांगितलं आणि मग माझ्याकडून करून घेतलं. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाली, उत्सवाच्या दिवसांत माझे हात भट्टीत असतील, चादरी तुला बघाव्या लागतील. पटलं. बाई दूरचा विचार करते. मी मिकेसला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की खुंटावर टेकून बसला.

३० जुलै

आज जे बघितलं ते लिहूनच ठेवतो.

मिकेसच्या बायकोनं सांगितलं की आनेझिना पांढऱ्या वाळूवर आहे. मी मोपेड काढली. पांढरी वाळू बेटाच्या मागच्या अंगाला आहे. तिच्या एका टोकाला कपड्यांशी वैर असलेले लोक पडलेले असतात. आमच्यातलं कुणी तिकडे जात नाही. बुटांसकट वाळूत उतरलो. ते नागवे लोक माझ्याकडे असे बघायला लागले की जसं काही मीच लाज सोडली आहे.

आनेझिना पाण्यात होती. अंगावर काळा पोहायचा पोशाख. तो पोलिक्सेनीबाईंनी दिला असणार, कारण आमच्या घरात अशी वस्तू कधी आलेली नाही. उताणी पडली होती, डोळे मिटलेले, आणि पोलिक्सेनीबाईंनी तिच्या पाठीखाली तळहात धरला होता, लहान मुलाला धरतात तसा. मग त्यांनी हात हळूच काढून घेतला. आनेझिना बुडाली नाही.

आमच्याकडच्या तिच्या वयाच्या बायका समुद्रात उतरत नाहीत. समुद्र बघतात, समुद्राला शिव्या घालतात, समुद्रातून येणारा मासा साफ करतात. तिनं डोळे उघडले, मला बघितलं, जराही दचकली नाही.

“झानी, पाणी धरतं रे माणसाला. नुसतं अंग सोडायचं.”

मी म्हटलं, तीन नंबरचे पाहुणे आलेत, खोली कोण उघडणार? ती म्हणाली, “चावी खिळ्यावर आहे. दे त्यांना.” आणि परत डोळे मिटले.

घरी येऊन चावी दिली. पाहुण्यांनी विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, आज काही बघू नका.

४ ऑगस्ट

रक्तदाब: डॉक्टरनं स्वतः येऊन मोजला, कारण दुपारी मला धक्क्यावरच बसावं लागलं.

झालं ते असं. बोट बांधून येत होतो. बंदरावरच्या खाणावळीत, पाण्याच्या काठच्या टेबलावर, जिथे फक्त पाहुणे बसतात, आनेझिना एकटी बसली होती. समोर तळलेली सुरमई, कोशिंबीर, अर्धा लिटर पांढरी वाइन. वाढणारा पोरगा तिला ‘बाईसाहेब’ म्हणत होता. ह्या पोराचं नाक तिनं पुसलं आहे. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, घरात जेवण नाही का? ती म्हणाली, आहे, मीच केलंय, झाकून ठेवलंय तुझ्यासाठी.

मी म्हटलं, लोक बघताहेत.

“बघू देत की. मला एकदा बघायचं होतं झानी, कुणी आणून समोर ठेवलं की कसं लागतं.”

मी उभाच राहिलो. तिनं समोरची खुर्ची पायानं जराशी मागे ढकलली, बस म्हणून. पण टेबलाशी बसलो असतो तर मिकेसनं आयुष्यभर उकरून काढलं असतं. मी घरी जाऊन झाकलेलं जेवलो. चवळीची उसळ होती, चांगली होती.

डॉक्टर म्हणाली, मीठ कमी करा आणि राग येण्यासारखं काय झालं ते सांगा. मी सांगितलं. ती म्हणाली, “बस एवढंच?” ह्या शहरातल्या पोरींना समजणार नाही.

९ ऑगस्ट

आज विशेष काही नाही. आनेझिना संध्याकाळी मला म्हणाली, चल, किल्ल्यावर जाऊ, सूर्यास्त बघू. पाहुणे रोज जातात, टाळ्या वाजवतात म्हणे. मी म्हटलं, अगं बाई, सूर्य आपल्याकडे रोज मावळतो, त्याला काय टाळ्या वाजवायच्या. शिवाय मला मेंढ्यांचं ठरवायला माणसाकडे जायचं होतं, उत्सवाला सतरा मेंढ्या लागणार. ती म्हणाली, “मेंढ्या उद्याही ठरतील.” मी म्हटलं, सूर्यही उद्या आहेच. उत्तर चांगलं सुचलं, मिकेसलाही सांगितलं.

ती दारात काही वेळ उभी राहिली, मग शाल घेऊन एकटीच गेली. उशिरा आली. मी विचारलं, झालं का समाधान? म्हणाली, “हो. छान होतं.” पुन्हा चल म्हणाली नाही, त्यामुळे विषय तिथेच संपला.

१६ ऑगस्ट

कालचा देवमातेचा सण आटोपला. बेट माणसांनी भरलं आहे, रोज तीन बोटी, हातांना दोराचे वळ. आर्गिरो नवऱ्याला घेऊन चार दिवसांसाठी आली होती. मायलेकी सारख्या कुजबुजत होत्या आणि मी आलो की कांदे महागले म्हणायच्या. मला वाटतं आर्गिरोला दिवस गेलेत आणि मला उत्सवाच्या दिवशी सांगून चकित करायचं आहे. मी कळलं नसल्यासारखं दाखवतो आहे.

आज तिची बोट सोडताना एक नवल झालं. निघण्याआधी ती माझ्या गळ्यात पडली आणि सोडेचना. खलाशांचा मुकादम ओरडायला लागला. “बाबा, गोळ्या वेळेवर घेत जा,” म्हणाली आणि रडली. मी म्हटलं, अगं, उत्सवाला येशील ना, तीन आठवड्यांवर आहे. ती डोळे पुसत बोटीच्या दारातून आत शिरली. ह्या अवस्थेत बायका हळव्या होतातच.

२३ ऑगस्ट

पोलिक्सेनीबाई गेल्या. सुटलो. त्यांची बॅग मीच धक्क्यावर आणली. आनेझिनाला त्यांनी दोन्ही गालांवर मुका दिला आणि कानात काहीतरी सांगितलं. मला मात्र हात धरून बाजूला घेऊन म्हणाल्या, “अहो झानी, तुम्ही वाईट माणूस नाही. बायकोला एकदा विचारा, तिला काय हवंय.” मी म्हटलं, तिला काय हवं असणार, उत्सव नीट पार पडावा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा दोर त्यांच्या पायावरच पडला असं वाटावं.

घरी आलो तर खुराडं रिकामं. आनेझिनानं सगळ्या कोंबड्या मिकेसच्या बायकोला देऊन टाकल्या होत्या. मी थक्क. तिच्या आईच्या काळापासून त्या घरात कोंबड्या आहेत. म्हणाली, “माझ्याच्यानं आता होत नाही.” वयाचा परिणाम. तसबीर घरात आहे, आपणही भांडू नये.

तरी लिहून ठेवतो: पोलिक्सेनीबाईंनी सांगितल्याप्रमाणे आज झोपताना आनेझिनाला विचारणार होतो. पण ती झोपली होती.

२ सप्टेंबर

लिहायला सवड नाही. पोती उतरली, हरभरे निवडून झाले, मातीची भांडी घासून भट्टीशी रांगेत लावली. आनेझिना तीन दिवस चुना लावते आहे. देऊळ, अंगण, पायऱ्या, आमचं घर आतून-बाहेरून, कपाटांच्या मागेसुद्धा. मी म्हटलं, कपाटाच्या मागे संत बघायला येणार नाही. ती म्हणाली, स्वच्छ ठेवून जावं माणसानं. ‘जावं’ म्हणजे काय, असं विचारणार होतो, पण तेवढ्यात मेंढीवाला आला.

सात-आठ बरण्या भरून ठेवल्यात. टोमॅटो, वांगी, कुटलेल्या ऑलिव्हांचं लोणचं, खारवलेला मासा. प्रत्येकीवर कागद चिकटवून लिहिलंय, आधी हे खा, मग हे. उत्सवाचं सगळं नीट नियोजन आहे, असं मिकेसच्या बायकोला अभिमानानं सांगितलं. तिनं तोंड फिरवून डोळ्यांना ॲप्रन लावला. ह्या घरांमध्ये बायकांना यंदा काय झालंय कळत नाही.

७ सप्टेंबर

झाला. उत्सव झाला, आणि असा झाला की बेटानं तोंडात बोटं घातली.

काल संध्याकाळची प्रार्थना झाली आणि लोक बसले. अंगण भरलं, पायऱ्या भरल्या, देवळाच्या भिंतीवर माणसं बसली. वारा पडल्यामुळे तीन शिडाच्या बोटीही खाडीत आल्या होत्या. त्यातले फ्रेंच लोक भीत भीत वर आले आणि विचारायला लागले की तिकीट कुठे. मी म्हटलं, संताच्या पंगतीला तिकीट नसतं, बसा. रात्रभर भट्टीत मुरलेले हरभरे, मग मेंढीचा रस्सा, मग वाइन. एकजणही उपाशी उठला नाही. आनेझिना काल दुपारपासून उभी होती. चुलीशी, भट्टीशी, मग पंगतीत. पाहुणे तिचे फोटो काढत होते.

आज सकाळी प्रार्थनेनंतर तसबीर मिकेसनं घेतली. मीच दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिली. घंटा वाजल्या, बार उडाले, पापा-लूकास माझं नाव घेऊन म्हणाले, पुष्कळ वर्षं जग. मी बाहीनं डोळे पुसले. खरं सांगतो, माझ्या लग्नातही असं झालं नव्हतं.

दुपारी घरी आलो. कोपरा रिकामा. आनेझिनानं दिवा विझवला, काच धुतली, पुसली आणि फडताळात ठेवली. मी म्हटलं, घर ओकंबोकं वाटतं गं. ती म्हणाली, हो. मग पाय धुवून झोपली, दिवसाउजेडी. इतकी थकलेली मी तिला कधी बघितली नव्हती. मी तिच्या अंगावर चादर घातली आणि म्हटलं, पुढच्या दहाएक वर्षांनी परत घेऊ तसबीर. झोपेत होती, ऐकलं नसावं.

आर्गिरो आलीच नाही. फोनही नाही.

८ सप्टेंबर

काय लिहू.

सकाळी उठलो तर आनेझिना घरात नव्हती. कॉफी करून ठेवली होती. वाटलं देवळात भांडी गोळा करायला गेली असेल. मी धक्क्यावर गेलो. मोसम संपत आला, परतणाऱ्या पाहुण्यांची ही गर्दी. बोट आली, मी दोर घेतला, खुंटात घातला, बोटीचं दार धक्क्यावर उतरणीसारखं खाली आलं. उतरणारे उतरले. चढणाऱ्यांची रांग पुढे सरकली, पाठीवर पिशव्या, हातात ऑलिव्ह तेलाचे डबे, लाल झालेली नाकं. आणि त्या रांगेत आनेझिना. निळा पोशाख, गवती टोपी, आणि तिच्या आईची ती तपकिरी बॅग.

मी दोराशीच उभा. रांग माझ्या शेजारून जाते, त्यामुळे ती माझ्यापाशी आली आणि थांबली. मागचे लोक वळसा घालून पुढे गेले.

मी विचारलं, हे काय, कुठे निघालीस? ती म्हणाली, पिरेयसला. शाळा सोमवारपासून सुरू होते, स्वयंपाकघरातली जागा अजून आहे, आर्गिरोनं बोलून ठेवलंय, जवळच खोली घेतलीय. मी म्हटलं, परत कधी?

तिनं बॅग खाली ठेवली. मी परत विचारलं. माझ्या आवाजानं मिकेस वळला.

“मी राहायला चाललेय, झानी.”

पायाखालचा धक्का हलल्यासारखं झालं, आणि धक्का तर काँक्रीटचा आहे. मी म्हटलं, वर्षभर आपलं एकही भांडण झालं नाही. वर्षभर तू एक शब्द बोलली नाहीस.

“तसबिरीखाली भांडायचं नसतं. आणि संताच्या घरातून बाई निघून जात नाही. म्हणून थांबले. नाहीतर गेल्या सप्टेंबरातच गेले असते. त्या सकाळी मी तुला सांगत होते, आणि संध्याकाळी तू सगळ्यांसमोर हात वर केलास. मला विचारलंसुद्धा नाहीस.”

मी म्हटलं, तो तर संताचा मान. ती म्हणाली, हो, म्हणून तर तो नीट पार पाडला. त्यात काही कमी ठेवलं का मी? मी म्हटलं, नाही. खरंच नव्हतं. मग जे तोंडाला आलं ते म्हणजे, घर तर तुझं आहे. तिच्या आईचं घर, त्यातून तीच चालली. ती म्हणाली, “राहा तू तिथे. मला नकोय ते आता. पाटीवर तुझंच नाव आहे.” रागानं नाही. वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता बोलावं तसं.

ह्या उन्हाळ्यात ती हिंडत होती त्याचा अर्थ मला तिथे उभ्या उभ्या कळला. पाहुणे शेवटच्या दिवशी काय काय राहिलं ते बघून घेतात, तसं ती बघून घेत होती. मी तिला म्हटलं, थांब, आज संध्याकाळी किल्ल्यावर जाऊ, दोघं. हे मी खरोखर म्हणालो, दोर हातात धरून, सगळ्यांसमोर. तिचे डोळे भरून आले. तिनं माझ्या गालाला हात लावला. तिच्या हाताला अजून चुन्याचा वास होता. मग बॅग उचलून ती दारातून आत गेली.

भोंगा वाजला. मिकेसनं आपला दोर सोडला. सोडून माझ्याकडे बघत उभा राहिला. दार वर उचललं जायला लागलं, पाणी फेसाळलं, आणि ती एवढी मोठी बोट माझ्या एका खुंटाला धरून राहिली. मुकादम वरून ओरडला, “अहो, डावं! झोपलात का? सोडा!”

मी सोडला नाही. किती वेळ ते मला माहीत नाही. दोर ताणून करकरायला लागला. वरच्या मजल्यावर कठड्याशी पाहुण्यांच्या गर्दीत ती दिसली. लोक बेटाचे फोटो काढत होते. ती एकटी बेटाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. आवाज पोहोचणं शक्य नव्हतं. तिनं हात उचलून, पाण्यावर ठेवावा तसा, हळूच खाली नेला. सोड.

बोट जराशी मागे आली, दोर ढिला पडला. मी फास वर उचलला आणि खुंटावरून काढला. त्यांनी तो पाण्यातून ओढून घेतला.

मागे दोन माणसं उभी होती, नवराबायको, डच असावीत. ह्याच बोटीतून उतरली होती. हातात सामान, चेहऱ्यावर हसू. खोली आहे का विचारत होती. मी म्हटलं, आहे, चला ना, समुद्र दिसतो. म्हणाली, किती छान, आणि बेटावर बघण्यासारखं काय काय आहे? मी म्हटलं, माझी बायको सांगेल तुम्हाला सगळं.

तोंडातून निघून गेलं. त्यांनी मान डोलावली, बॅगा खाली ठेवल्या, आणि धक्क्यावर इकडे तिकडे बघत तिची वाट पाहू लागली.